माडाचे खोड, मधपेटी आणि संगणकाचा पडदा : ध्वनिमुद्रणाच्या वर्णपट विश्लेषणासाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे?

नारळाच्या बागेतील जाणते बागायतदार संशयित माडाच्या खोडाला कान लावून पाहतात. लाल सोंड्या भुंग्याच्या अळ्या आतला गाभा पोखरत असतील, तर कुरतडण्याचा बारीक आवाज कानावर येतो. मधुपालकही पेटीला कान लावतो आणि गुंजारवातील फरकावरून वसाहतीची अवस्था ताडतो. ही श्रवणविद्या जुनी आहे, तिचे मोलही मोठे आहे. मात्र ती ज्याच्या कानाला अवगत आहे, त्याच्यापुरतीच ती राहते. एकाने ऐकलेले दुसऱ्याला दाखवता येत नाही, आणि मागील महिन्यात ऐकलेले आजच्या आवाजाशी ताडून पाहता येत नाही.

आता प्रत्येकाच्या हाती ध्वनिमुद्रणाची सोय असलेला मोबाइल आहे. शेतकरी आवाज मुद्रित करतो आणि कृषी सहायकाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवतो. पुढे त्या फाइलचे करायचे काय, हा प्रश्न उरतो. मुद्रित आवाजातील घटक वेगळे करून पडद्यावर दाखवणारी अनेक सॉफ्टवेअर आज विनामूल्य मिळतात. त्यांतून कोणते निवडावे आणि ते कसे वापरावे, याविषयी विस्तार कार्यकर्ते व प्रगतशील शेतकरी यांना उपयोगी पडेल अशी माहिती या लेखात दिली आहे. निवड चुकली, किंवा निवड योग्य असूनही मांडणी चुकली, तर पडद्यावर काहीच दिसत नाही. मग ‘आत कीड नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि माड हातचा जातो. म्हणून हा विषय केवळ संगणकाच्या जाणकारांवर सोपवून चालणार नाही.

वर्णपट म्हणजे काय?

कोणताही आवाज अनेक कंपनांचा मिळून बनलेला असतो. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. त्रिकोणी लोलकातून सूर्यप्रकाश गेल्यावर त्याचे रंग वेगळे होतात, त्याचप्रमाणे गणिती प्रक्रियेने आवाजातील वारंवारता वेगळ्या करता येतात. कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे, हे दाखवणारा आलेख म्हणजे त्या आवाजाचा वर्णपट होय. हेच चित्र वेळेनुसार क्रमाने मांडले, की आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता आणि रंगाच्या गडदपणात आवाजाचा जोर असा आलेख तयार होतो. त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात.

या प्रक्रियेचे गणिती मूळ फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांच्या कार्यात आहे. १९६५ मध्ये कूली व टुकी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी संगणकावर ही आकडेमोड वेगाने करण्याची रीत प्रसिद्ध केली. आजचे बहुतेक सर्व सॉफ्टवेअर त्याच रीतीवर चालते. म्हणजेच महागड्या आणि विनामूल्य सॉफ्टवेअरमधील मूळ गणित सारखेच असते. फरक असतो तो मांडणीवरील नियंत्रण, मोजमापाची सोय आणि अनेक फाइली एकदम हाताळण्याची क्षमता यांत.

निवडीचे मर्म : विश्लेषणाची खिडकी

संगणक संपूर्ण ध्वनिमुद्रण एकदम तपासत नाही. तो त्याचे छोटे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याचा वर्णपट काढतो. या तुकड्याच्या लांबीला सॉफ्टवेअरमध्ये ‘विंडो साइझ’ म्हणतात. ती नमुन्यांच्या संख्येत किंवा सेकंदांत दिलेली असते. येथे एक अटळ देवघेव आहे. तुकडा लांब घेतला तर जवळजवळच्या दोन वारंवारता स्पष्ट वेगळ्या दिसतात, पण आवाज नेमका केव्हा झाला हे पुसट होते. तुकडा आखूड घेतला तर क्षण अचूक कळतो, पण वारंवारता एकमेकींत मिसळतात.

सेकंदाला ४४,१०० नमुने या नेहमीच्या दराने मुद्रण केले असेल, तर हा हिशेब पुढीलप्रमाणे पडतो :

- २५६ नमुन्यांची खिडकी : सुमारे ६ मिलिसेकंदांचा तुकडा, वारंवारतेच्या दोन पायऱ्यांतील अंतर सुमारे १७२ हर्ट्झ.
- १,०२४ नमुने : सुमारे २३ मिलिसेकंद, अंतर सुमारे ४३ हर्ट्झ.
- २,०४८ नमुने : सुमारे ४६ मिलिसेकंद, अंतर सुमारे २१.५ हर्ट्झ.
- ४,०९६ नमुने : सुमारे ९३ मिलिसेकंद, अंतर सुमारे १०.८ हर्ट्झ.
- ८,१९२ नमुने : सुमारे १८६ मिलिसेकंद, अंतर सुमारे ५.४ हर्ट्झ.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो : ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही लांबी स्वतः बदलता येत नाही, ते कितीही आकर्षक असले तरी आपल्या कामाचे नाही. मोबाइलवरील रंगीत वर्णपट दाखवणारी अनेक ॲप या पहिल्याच कसोटीवर मागे पडतात. कोणती लांबी केव्हा घ्यावी, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण : मधपेटीतील सूर

मधपेटीतील आवाज मोजून वसाहतीचे भाकीत करण्याचा प्रयत्न नवा नाही. बीबीसीमध्ये ध्वनी अभियंता असलेले एडवर्ड वुड्स यांनी विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात ‘ॲपिडिक्टर’ नावाचे उपकरण तयार केले. थवा बाहेर पडण्याच्या आधीच्या काळात पेटीतील गुंजारवाचा २२५ ते २८५ हर्ट्झ हा पट्टा बळावतो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्या काळी त्यासाठी खास उपकरण बांधावे लागले. आज तेच मोजमाप साध्या संगणकावर होते.

त्याहून स्पष्ट खूण राणीमाशीच्या सुरांची आहे. युरोपीय मधमाशीच्या वसाहतीतून जुन्या राणीसह पहिला थवा गेल्यावर नवी राणी कक्षातून बाहेर येते आणि तुतारीसारखा सूर काढते. अद्याप कक्षात असलेल्या इतर राण्या त्याला बदकाच्या आवाजासारखे प्रत्युत्तर देतात. तुतारीसारख्या सुराची मूळ वारंवारता सुमारे ४०० ते ५०० हर्ट्झ असते. त्यात आधी सुमारे सेकंदभराचा लांब सूर आणि मागोमाग पाव सेकंदाचे छोटे सूर येतात. प्रत्युत्तराची मूळ वारंवारता सुमारे ३५० हर्ट्झ असते आणि त्याचे ठोके पाव सेकंदाहूनही आखूड असतात. ही जुगलबंदी ऐकू आली, तर आणखी एक थवा जाण्याची शक्यता असते. त्या वेळी पेटी उघडून तपासणी करणारा मधुपालक वसाहत वाचवू शकतो.

येथे ३५० आणि ४०० हर्ट्झ यांतील फरक ओळखायचा असल्याने ४,०९६ नमुन्यांची खिडकी घ्यावी. सुरांची लय तपासताना तीच फाइल १,०२४ च्या खिडकीने पुन्हा पाहावी. एकाच फाइलकडे दोन खिडक्यांतून पाहणे हीच या कामातील खरी शिस्त आहे.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. आपल्या देशातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. जवळ पंप, रोहित्र किंवा चार्जिंगला लावलेला मोबाइल असेल, तर मुद्रणात ५०, १००, १५०, २००, २५० अशा पटींच्या रेषा उमटतात. त्यांतील २५० ची रेषा नेमकी वुड्स यांच्या पट्ट्यात येते. विजेची रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ असते, तर मधमाश्यांचा पट्टा रुंद आणि हेलकावणारा असतो. खिडकी आखूड असेल तर हा भेद दिसतच नाही.

वरील आकडे युरोपीय मधमाशीचे आहेत. महाबळेश्वरापासून केरळपर्यंत पाळल्या जाणाऱ्या सातेरी मधमाशीसाठी ते जसेच्या तसे लावू नयेत. आपल्या निरोगी पेट्यांची नियमित मुद्रणे करून स्वतःची तुलना-नोंद उभी करावी.

दुसरे उदाहरण : माडातील ठोके

लाल सोंड्या भुंग्याची मादी खोडावरील किंवा देठावरील जखमेत अंडी घालते आणि अळ्या आत शिरून पोखरतात. बाहेरून पोकळ्यांतून डोकावणारा भुसा आणि तपकिरी द्रव दिसेपर्यंत, किंवा शेंडा कोमेजेपर्यंत, बहुधा फार उशीर झालेला असतो. म्हणूनच आवाजावरून शोध घेण्याचे प्रयत्न निरनिराळ्या देशांत झाले आहेत.

अळीच्या हालचालीचा व कुरतडण्याचा आवाज सुरेल नसतो. तो काही मिलिसेकंदांच्या सुट्या ठोक्यांचा बनलेला असतो आणि हे ठोके झुंडीने येतात. प्रत्येक ठोका क्षणिक असल्याने त्याची ऊर्जा वारंवारतेच्या मोठ्या पट्ट्यात पसरते. स्पेक्ट्रोग्रामवर त्याची उभी बारीक रेघ उमटते. ही रेघ पाहण्यासाठी २५६ किंवा ५१२ नमुन्यांची आखूड खिडकी हवी. मधपेटीसाठी योग्य ठरलेली ४,०९६ ची खिडकी येथे ठेवली, तर झुंडीतील सगळे ठोके मिसळून एक फिकट ढग दिसतो आणि नवखा माणूस ‘काही नाही’ असे म्हणून फाइल बंद करतो.

दुसरी चूक सरासरीची आहे. संपूर्ण पाच मिनिटांचा एकच सरासरी वर्णपट काढला, तर एकूण काही सेकंदच असलेले ठोके वाऱ्याच्या आणि झावळ्यांच्या आवाजात बुडून जातात. येथे सरासरी वर्णपट पाहण्याऐवजी स्पेक्ट्रोग्राम पाहावा आणि दर मिनिटाला ठोक्यांच्या झुंडी मोजाव्यात.

उपलब्ध सॉफ्टवेअर : गुण आणि मर्यादा

ऑडॅसिटी. हे मुक्तस्रोत व विनामूल्य सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. त्याची सुरुवात १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात झाली. मुद्रण, काटछाट, स्पेक्ट्रोग्राम आणि सरासरी वर्णपट या सर्व गोष्टी त्यात आहेत. ‘ॲनालाइझ’ या यादीतील ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ने निवडलेल्या भागाचा सरासरी वर्णपट मिळतो आणि आकडे मजकूर फाइलमध्ये जतन करता येतात. मर्यादा अशी, की निवडलेला भाग फार लांब असल्यास जुन्या आवृत्त्या केवळ पहिल्या सुमारे चार मिनिटांचेच विश्लेषण करतात. त्यासंबंधीची सूचना न वाचता पुढे जाऊ नये. पहिल्यांदा शिकणाऱ्याने येथूनच आरंभ करावा.

प्राट. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोरस्मा व डेव्हिड वेनिंक यांनी मानवी उच्चारांच्या अभ्यासासाठी हे तयार केले. ते आकाराने लहान व विनामूल्य आहे आणि जुन्या संगणकावरही चालते. मोजमापे अचूक मिळतात आणि एकच कृती अनेक फाइलींवर करण्यासाठी आज्ञावली लिहिता येते. परंतु त्याची मूळ मांडणी मानवी बोलण्यासाठी आहे : खिडकी ५ मिलिसेकंदांची, दृश्य पट्टा ० ते ५,००० हर्ट्झ. त्यामुळे अळीचे ठोके सुरुवातीलाच बरे दिसतात. राणीमाशीच्या दोन सुरांतील फरक मात्र या मांडणीत मिसळून जातो; त्यासाठी खिडकी ०.०५ सेकंद किंवा त्याहून लांब करावी.

रेव्हन. अमेरिकेतील कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने पक्षी व प्राण्यांच्या आवाजांसाठी हे बनवले आहे. ‘रेव्हन लाइट’ ही आवृत्ती विनामूल्य आहे. ‘रेव्हन प्रो’साठी परवाना घ्यावा लागतो. पडद्यावर चौकट ओढून आवाज निवडणे आणि निवडींचा तक्ता करणे ही त्याची खासियत आहे. संशोधन प्रकल्पात शेकडो आवाज मोजायचे असतील, तर प्रो आवृत्तीचा खर्च सार्थ ठरू शकतो. गावपातळीवरील कामासाठी तो अनावश्यक आहे.

सॉनिक व्हिज्युअलायझर. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील डिजिटल संगीत केंद्राने विकसित केलेले हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. एकाच फाइलवर निरनिराळ्या खिडक्यांचे स्पेक्ट्रोग्राम एकत्र ठेवून पाहता येतात आणि त्यांवर टिपणे लिहिता येतात. प्रशिक्षणवर्गात वर सांगितलेली देवघेव समजावून देण्यासाठी याहून सोयीचे साधन क्वचितच मिळेल. हे ध्वनिमुद्रण संपादित करण्यासाठी नाही, केवळ पाहण्यासाठी व मोजण्यासाठी आहे.

आर भाषेतील ‘सीवेव्ह’ व ‘ट्यूनआर’. ज्यांना आज्ञावली लिहिता येते अशा कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी व संशोधकांसाठी हा विनामूल्य मार्ग उत्तम आहे. महिनाभराच्या हजारो फाइली एकाच पद्धतीने तपासता येतात आणि वापरलेली रीत जशीच्या तशी दुसऱ्याला देता येते.

पक्ष्यांची नावे सुचवणारी ‘बर्डनेट’सारखी साधने पक्ष्यांच्या आवाजांवर शिकवलेली आहेत. त्यांच्याकडून माडातील अळीचे किंवा पेटीतील राणीचे निदान मागू नये.

घरच्या घरी कसोटी

कोणत्याही सॉफ्टवेअरवर विसंबण्यापूर्वी उत्तर आधीच माहीत असलेली फाइल त्याला द्यावी. त्यासाठी पुढील तीन कसोट्या पुरेशा आहेत.

१. ऑडॅसिटीतील ‘जनरेट’ यादीतून ‘टोन’ निवडून एका पट्टीवर ३५० आणि दुसऱ्या पट्टीवर ४०० हर्ट्झचा दहा सेकंदांचा सूर तयार करावा. दोन्ही एकत्र करून एक फाइल जतन करावी. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडल्यावर दोन वेगळ्या रेषा दिसतात का, हे पाहावे. १,०२४ च्या खिडकीत त्या मिसळतील, ८,१९२ च्या खिडकीत स्पष्ट वेगळ्या होतील. खिडकी बदलूनही त्या वेगळ्या होत नसतील, तर सुरांच्या मोजमापासाठी ते सॉफ्टवेअर बाजूला ठेवावे.

२. लाकडी फळीवर नखाने वीस हलके टिचके मारून मुद्रण करावे आणि आखूड खिडकीत उभ्या रेघा मोजाव्यात. वीसच्या वीस दिसल्या पाहिजेत.

३. निरोगी माडाचे किंवा शांत पेटीचे मुद्रण तपासावे. त्यातही ‘कीड’ दिसू लागली, तर दोष मांडणीत आहे असे समजावे.

फाइल बिघडली तर सॉफ्टवेअर काय करणार?

मुद्रणातच जे नाही, ते कोणतेही सॉफ्टवेअर दाखवू शकत नाही. नमुनादराच्या निम्म्यापर्यंतच वारंवारता टिकते. ४४,१०० चा दर असल्यास २२,०५० हर्ट्झपर्यंत, १६,००० चा दर असल्यास केवळ ८,००० हर्ट्झपर्यंत. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

- मुद्रण डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी स्वरूपात करावे. एमपी३ व संदेशवहन ॲपमधील ध्वनिसंदेश यांत माणसाच्या कानाला न जाणवणारा तपशील गाळला जातो. आपल्याला नेमका तोच तपशील हवा असू शकतो.
- एमपी३ फाइल नंतर डब्ल्यूएव्हीमध्ये रूपांतरित केल्याने गेलेला तपशील परत येत नाही.
- फाइल पाठवताना ध्वनिसंदेश म्हणून पाठवू नये, दस्तऐवज म्हणून पाठवावी. ४४,१०० नमुने व १६ बिट या मापाने एकमार्गी डब्ल्यूएव्ही मुद्रण मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट होते. तीन मिनिटांची फाइल सहज पाठवता येते.
- मुद्रणाच्या ॲपमधील गोंगाट कमी करण्याची व आवाज आपोआप चढवण्या-उतरवण्याची सोय बंद ठेवावी. ती अळीच्या ठोक्यांनाच गोंगाट समजून पुसून टाकू शकते.
- माडासाठी मोबाइल हवेत धरू नये. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात मिळणारी पिझो चकती खोडाला घट्ट टेकवून तिच्याद्वारे मुद्रण केल्यास लाकडातील कंपने थेट मिळतात आणि वाऱ्याचा त्रास कमी होतो. वारा पडलेली रात्रीची किंवा पहाटेची वेळ निवडावी.
- आरंभी ठिकाण, झाड किंवा पेटी क्रमांक, दिनांक व वेळ तोंडाने सांगून मुद्रित करावी.

चित्र म्हणजे निकाल नव्हे

स्पेक्ट्रोग्राम कितीही स्पष्ट असला, तरी तो आवाजाचे चित्र आहे, किडीचे नव्हे. वाळवी, अन्य किडे किंवा घासणारी झावळीही ठोक्यांसारख्या रेघा उमटवू शकते. उलट, मुद्रणाच्या वेळी अळ्या स्वस्थ असतील, तर पोखरलेला माडही गप्प राहील. म्हणून रेघा दिसल्या म्हणून माड तोडू नये आणि दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. संशय आल्यास खोडावरील छिद्रे, भुसा, द्रव आणि शेंड्याची तपासणी करावी. काही दिवसांच्या अंतराने पुन्हा मुद्रण करावे आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. नारळासाठी कासारगोड येथील केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्था आणि मधमाश्यांसाठी पुणे येथील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या विषयांतील प्रमुख संस्था आहेत.

कोणालाही स्पेक्ट्रोग्राम पाठवताना त्यासोबत सॉफ्टवेअरचे नाव, खिडकीची लांबी, नमुनादर आणि दृश्य पट्टा लिहावा. मूळ फाइलही जोडावी. या चार नोंदींशिवाय चित्र म्हणजे प्रमाण न दिलेला नकाशा होय. त्यावरून कोणालाही मार्ग सांगता येणार नाही.

सारांश असा : गावपातळीवरील कामासाठी ऑडॅसिटीपासून सुरुवात करावी, प्रशिक्षणासाठी सॉनिक व्हिज्युअलायझर ठेवावे, नेमक्या मोजमापासाठी प्राट किंवा रेव्हन लाइट वापरावे आणि मोठ्या संशोधन प्रकल्पांसाठी आर भाषेचा किंवा रेव्हन प्रोचा विचार करावा. ऑडॅसिटी, प्राट, सॉनिक व्हिज्युअलायझर आणि आर ही चारही साधने संगणकावर एकदा घेतली, की इंटरनेटविना चालतात; ही ग्रामीण भागासाठी मोठी जमेची बाजू आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातील किमान एका निरोगी माडाचे व एका निरोगी पेटीचे मुद्रण दर पंधरवड्याला करून ठेवावे. रोगट आवाज ओळखण्यासाठी निरोगी आवाज आधी परिचयाचा असावा लागतो. खोडाला कान लावणाऱ्या बागायतदारालाही संगणकासमोर सोबत बसवावे. पडद्यावरील कोणती रेघ कोणत्या आवाजाची, हे तोच सर्वांत आधी सांगेल.